एप्रिलमध्ये येणारं जंगल

तारीख: एप्रिलमधला तिसरा शुक्रवार, जेवणं झाल्यानंतर. ठिकाण: आमच्या विभागाचा स्टुडिओ, कूलरजवळचं लांब टेबल. हजर: शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, जिच्या प्रकल्पाची ही रंगीत तालीम होती, माझे सहकारी, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात, आणि तिची मार्गदर्शक म्हणून मी. गैरहजर: बाहेरगावचे परीक्षक. ते सोमवारी येणार होते. विषय: नागपूरच्या सावलीचा नकाशा.

प्रत्येक बैठकीची अशी नोंद करायची मला सवय आहे. त्या दिवशी ‘चर्चा’ या शब्दाखाली मात्र मी काहीच लिहिलं नाही. मुलीला पुण्यातल्या एका नकाशे बनवणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली होती. जूनमध्ये रुजू व्हायचं आणि जाताना निकाल हातात हवा, एवढीच अट होती. सोमवारी परीक्षकांनी सही केली की ती पुण्याला जायला मोकळी. आणि त्याच सकाळी मला कळलं होतं, की तिच्या नकाशातली बरीचशी झाडं झाडंच नाहीत.

हे सांगण्याआधी थोडं मागे जाते.

मी डिझाइन शिकायला नागपूरबाहेर गेले तेव्हा घरात कोणालाच ते नेमकं काय असतं हे ठाऊक नव्हतं. पहिल्या सुट्टीत आले, तर मावशी ब्लाउजचं कापड घेऊन हजर. म्हणाली, “गळा जरा वेगळा काढ वं.” मी तेव्हा कारखान्यातल्या यंत्रांवरची बटणं कुठे असावीत ते शिकत होते. तिला कसं समजवायचं ते कळेना, म्हणून मी गळा काढून दिला. तो तिला आवडला. पुढे काही वर्षं खरोखरच बटणं आणि दिव्यांच्या पाट्या आखण्याचं काम केलं, आणि मग शिकवायला परत आले. यंत्रं हळूहळू कारखान्यातून बाहेर पडून रस्त्यावर येत होती. बसथांब्यावर पाटी, खांबावर कॅमेरा, प्रत्येकाच्या खिशात नकाशा. मीही त्यांच्या मागोमाग रस्त्यावर आले. संशोधन म्हणजे तेवढंच.

पहिला मोठा प्रकल्प कचरापेट्यांचा होता. पेटी भरली की आपोआप कळवणारं एक छोटं यंत्र आम्ही पेट्यांच्या काठावर लावलं. एक पेटी रोज सकाळी भरायची, लगेच रिकामी व्हायची, पुन्हा भरायची. आम्ही कितीतरी दिवस यंत्र उघडून तपासलं. शेवटी एका सकाळी सर आणि मी तिथे जाऊन उभे राहिलो. पेटीत डोकं घालून एक गाय उभी होती. ती मान वर काढायची, इकडेतिकडे बघायची, पुन्हा आत घालायची. सर बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, “आपलं यंत्र बरोबर सांगून राहिलं मॅडम. पेटी भरलेलीच आहे. गाईनं.”

तेव्हापासून पहिल्या वर्षाच्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात एका चौकात उभं करते. एक तास उभं राहायचं, बघायचं आणि काहीही दुरुस्त करायचं नाही. मुलांना हा धडा अजिबात आवडत नाही. फक्त या मुलीला तो आवडला होता. तासाऐवजी ती दुपारभर उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी मला तिच्या गल्लीबद्दल सांगायला लागली.

ती उत्तर नागपुरातली. तिची आई घराच्या ओट्यावर शिलाईचं काम करते. सकाळी मशीन दाराच्या डाव्या बाजूला असते, उन्हं चढली की उजवीकडे येते, आणि दुपारनंतर समोरच्यांच्या भिंतीलगत जाते. समोरच्या काकू तेव्हा आपली खाट थोडी ओढून तिला जागा करून देतात. गल्लीतल्या प्रत्येकाला आपली सावली किती वाजता कुठे असते ते ठाऊक असतं आणि त्यावरून भांडण होत नाही. तिला वाटलं, एका गल्लीला कळतं ते सगळ्या शहराला कळावं. बसमधून उतरलेल्या माणसाला फोनवर दिसावं, की या वेळी या फुटपाथने गेलं तर डोक्यावर झाड आहे.

दोन वर्षं तिने त्यावर काम केलं. एका सरकारी खात्याकडून शहराचे विमानातून घेतलेले फोटो मिळवले. त्यांतली झाडं हाताने मोजणं शक्य नव्हतं, म्हणून एका प्रोग्रामला झाड ओळखायला शिकवलं. ती आणि ज्युनियर मुलं फोटोवर एकेका झाडाभोवती रेघ काढत बसायची: हे झाड, हेही झाड, ही नुसती गच्ची. प्रोग्राम ते बघत शिकला, आणि मग एकटाच शहरभर झाडं शोधत निघाला. फोटो मुद्दाम मे महिन्यातले निवडले होते. मेच्या दुपारी कुठे सावली आहे तेच शोधायचं, तर फोटोही मेचे हवेत. आम्हा सगळ्यांना हे अगदी चोख वाटलं.

तो नकाशा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ खुर्चीतून उठले नाही. पडद्याच्या तळाशी तासांची पट्टी होती. तिच्यावर बोट सरकवलं की सावल्या चालायला लागायच्या. सकाळी सगळं शहर पश्चिमेकडे कललेलं. बाराच्या सुमारास प्रत्येक झाडाने आपली सावली पायाशी गोळा करून घेतलेली. मग ती पूर्वेकडून हळूच बाहेर यायची, लांब होत जायची, रस्ता ओलांडायची, समोरच्या कंपाउंडवर चढायची. आवाज काहीच नाही. ज्या शहरात मी रोज हॉर्न ऐकते, तेच हे शहर, पण कोणीतरी झोपेत कूस बदलावी तसं. काम संपल्यावर मी उगाच ती पट्टी पुढे-मागे करत बसायचे. माझ्या बालपणीच्या रस्त्यावर जायचे, चार वाजवायचे आणि शाळेतून घरी यायचे.

आता त्या शुक्रवारची सकाळ. नकाशाचे मोठे कागद छापून घ्यायला मी सदर भागात गेले होते. येताना सिग्नल लाल झाला. ऊन वाढलं की आमच्याकडे चौकाचौकांत सिग्नलपाशी हिरवी नेट बांधतात. खांबांना दोर लावून रस्त्यावर ताणलेली हिरवी जाळी, म्हणजे थांबलेल्या माणसाला तेवढा वेळ ऊन लागू नये. या चौकातली नुकतीच बांधलेली होती. मी तिच्याखाली जाऊन थांबले आणि एकदम सगळं हिरवं झालं. माझे हात हिरवे, स्कूटरचा आरसा हिरवा. आजूबाजूला ओढण्या आणि रुमाल गुंडाळलेले, गॉगल लावलेले चेहरे. कोण म्हातारं, कोण तरुण, काहीच कळत नव्हतं. जाळीच्या भोकांतून उन्हाचे बारीक ठिपके पडून सगळ्यांच्या अंगावर हलत होते. तळ्याच्या तळाशी आपण सगळे वाट बघत थांबलो आहोत असं वाटलं.

त्या नादात मी फोनवर तिचा नकाशा उघडला. मी उभी होते तिथे गडद हिरवा ठिपका होता. मोठं झाड, दाट, दुपारी उत्तम सावली.

मी खोड शोधायला लागले. खरंच शोधलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि क्षणभर मला वाटलं की झाड इथेच असणार, मलाच ते दिसत नाहीये. मग वर पाहिलं. सिग्नल सुटला होता. मागचा माणूस म्हणाला, “ओ मॅडम, झोपल्या का?”

पुढच्या चौकातही झाड होतं. त्याच्या पुढच्या चौकात दोन होती. रोपवाटिकेवर ताणलेल्या नेटांच्या जागी नकाशात आमराईसारख्या रांगाच्या रांगा. एका शाळेच्या पटांगणावर प्रचंड झाड. भाजीच्या गाड्यांवर, गच्च्यांवरच्या टाक्यांवर लहान लहान झाडं. कॉलेजचं वळण मागे टाकून मी भलतीकडेच फिरत राहिले. भर उन्हात माझ्या फोनमध्ये सगळीकडे रान होतं आणि डोळ्यांसमोर डांबर. आणि नेट बांधतात ती झाड नसेल तिथेच. म्हणजे शहरातल्या सगळ्यांत बोडक्या जागा तिच्या नकाशात सगळ्यांत हिरव्या झाल्या होत्या.

हे मी टेबलापाशी सांगितलं. सांगताना कामाच्या सुरात सांगितलं: काय दिसलं, कुठे दिसलं, का झालं असावं. तिने लॅपटॉप ओढला, मूळ फोटो उघडला आणि तो चौक मोठा करत गेली. हिरवा तुकडा, शेजारी काळी सावली. अगदी झाडासारखा. तिने आणखी मोठा केला. माझ्याशी ती नेहमी पुस्तकातली मराठी बोलायची. त्या वेळी म्हणाली, “याले कोपरे आहेत मॅडम. झाडाले कोपरे कुठं असतात?”

मग ती एकेक चौक उघडत गेली. कोपरे, कोपरे, कोपरे. कूलरचं पाणी संपत आलं होतं आणि पंपाचा आवाज बदलला होता. उठून पाणी घालायचं कोणालाच सुचलं नाही.

सर भिवापूरचे. घरच्या मिरच्यांचं तिखट दरवर्षी विभागात सगळ्यांना आणून देतात आणि मुलांच्या नोकऱ्यांची काळजी बापासारखी करतात. ते आधी थट्टेवर गेले. म्हणाले, नेट काय अन् झाड काय, सावली तर पडते नं, पोरीनं सावलीचा नकाशा केला, वनखात्याचा नाही. कोणी हसलं नाही. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. परीक्षक समुद्राकाठच्या गावचे आहेत. चौकात नेट बांधतात हे त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नसणार. आपल्याशिवाय हे कोणाच्याही लक्षात येणार नाही. सोमवारी सही होऊ दे, ती पुण्याला जाऊ दे, मग आरामात दुरुस्त करू. “काहून हातची नोकरी घालवून राहिली वं?” ते म्हणाले. त्यात लबाडी नव्हती. त्यांना तिची नोकरी दिसत होती.

मीही मनात पर्याय मांडत होते. आत्ता सांगायचं, नंतर सांगायचं, तोंडी परीक्षा पुढे ढकलायची. ढकलली तर निकाल जूननंतर. तिसरा पर्याय मी तिथेच खोडला. उरलेल्या दोनांपैकी कुठला, ते मात्र बोलले नाही.

ती नकाशाकडे बघत म्हणाली, “महापालिकेच्या लोकांनी हा नकाशा मागितला आहे. झाडं कुठं लावायची ते ठरवायले. जिथं नेट आहे, तिथं मी झाड दाखवून राहिली. मंग तिथं झाड कोण लावणार?”

तिने लॅपटॉप मिटला आणि विचारून सांगते म्हणाली. कोणाला विचारून, ते आम्ही विचारलं नाही.

रविवारी छापलेले कागद द्यायच्या निमित्ताने मी तिच्या घरी गेले. गल्लीत जयंतीच्या निळ्या पताका अजून उतरवल्या नव्हत्या. वारा पडलेला होता, पताका अगदी स्थिर लटकत होत्या, आणि त्यांच्या त्रिकोणी सावल्या रस्त्यावर ओळीने पडल्या होत्या. मशीन समोरच्या भिंतीलगत गेली होती. तिच्या आईने सुई थांबवून मला खुर्ची दिली, चहा ठेवायला सांगितला आणि बसल्या बसल्या पुण्याची चौकशी केली: तिथं मुलींना राहायला जागा कशी मिळते, स्वयंपाक येत नसला तर डबा मिळतो का, थंडी फार असते का. मी जमेल तशी उत्तरं दिली. मग त्या म्हणाल्या, “होते नं ही पास, मॅडम?”

मी चहा चांगला झाला आहे असं म्हटलं.

आतून आवाज आला, “आई, मॅडमले चहा तं पिऊ दे.” ती दारात आली. डोळे लाल होते, रडून की पडद्याकडे बघून ते सांगता येत नव्हतं. तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गल्लीतली सावली तेवढ्या वेळात माझ्या पायावरून पुढे सरकली, आणि काकूंनी खाट थोडी ओढून मला जागा करून दिली.

सोमवारी परीक्षक वेळेवर आले. सौम्य, हळू बोलणारे गृहस्थ होते. उन्हाने थकले होते, पण सावल्या चालायला लागल्या तसे पुढे वाकले. तासांची पट्टी त्यांनी स्वतःच्या बोटाने सरकवून पाहिली, दोनदा. त्यांच्या चेहऱ्यावर मला तेच दिसलं जे पहिल्या दिवशी माझं झालं होतं. काम झालंच होतं. सरांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली.

तेव्हा तिने एक बटण दाबलं आणि नकाशातली कोपरे असलेली सगळी झाडं पांढरी झाली. शनिवार-रविवारी बसून तिने तेवढी निवडून काढली होती. चौकांमागून चौक विरत गेले. आमराया गेल्या, शाळेवरचं प्रचंड झाड गेलं. जणू कोणी फुंकर मारली आणि शहरावरून पानं उडून गेली.

“हे जंगल एप्रिलमध्ये येतं आणि पावसाआधी निघून जातं,” ती म्हणाली. “माझ्या प्रोग्रामला ते खरं वाटलं. मलाही वाटलं. मला सापडली तेवढी मी काढली. अजून किती राहिली, ते मला आज सांगता येत नाही.”

मग परीक्षकांनी नेट म्हणजे काय ते विचारलं. तिने फळ्यावर चौक काढून दाखवला: खांब, दोर, खाली थांबलेल्या गाड्या. ते ऐकत राहिले, आणि त्यांना हसू आलं, पण ते तिला हसले नाहीत.

ती बाहेर गेल्यावर आम्ही तिघं बोललो. परीक्षक म्हणाले, दिवसभरात पाहिलेलं हे सगळ्यांत चांगलं काम. पण नकाशा चुकीचा आहे हे विद्यार्थिनीच सांगते आहे, तर तो बरोबर असल्याची सही मी कशी करू? प्रत्येक शंकेची जागा नेट उतरल्यावर डोळ्यांनी बघून यावी, मग निकाल द्यावा. शुक्रवारी तिला गप्प राहायला सांगणारे सर त्या दिवशी तिच्यासाठी जेवढं भांडले, तेवढं त्यांना भांडताना मी कधी पाहिलं नाही. नोकरीचं सांगितलं, घरचं सांगितलं, प्रामाणिकपणाचे तरी मार्क द्या म्हणाले. परीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. निकाल राखून ठेवल्याच्या कागदावर माझीही सही आहे. तीच मला योग्य वाटली. आजही वाटते.

तिला मीच बाहेर जाऊन सांगितलं. ती म्हणाली, “बरोबर आहे.” मग फोन घेऊन व्हरांड्याच्या टोकाला गेली. तिथून तिचा आवाज येत नव्हता. खाली गुलमोहराजवळ उन्हात काहीतरी झगमगत होतं, बहुतेक कोणाच्या गाडीचा आरसा, आणि मी त्याच्याकडेच बघत राहिले. परत आली तेव्हा म्हणाली, “ते थांबणार नाहीत, मॅडम.” एवढंच. सरांनी तिला कँटीनमध्ये नेलं आणि जबरदस्तीने दोन समोसे खायला लावले.

मे संपता संपता वादळी वारे सुटले आणि नेटा फाटायला लागल्या. जूनमध्ये महापालिकेची माणसं शिडी घेऊन आली, चौकाचौकातल्या जाळ्या सोडून, गुंडाळून, हातगाडीवर घालून घेऊन गेली. सकाळच्या वेळी एक अख्खं रान हातगाडीवरून जाताना मी स्वतः पाहिलं. त्याच्या मागून ती तिच्या स्कूटरवर, मी माझ्या. शहराचे भाग आम्ही वाटून घेतले होते. चौकात थांबायचं, वर बघायचं, फोनवर खूण करायची: आहे, नाही. बहुतेक ठिकाणी नाही. कधी एखाद्या ठिकाणी असायचं, नेटच्या आड लपलेलं, आणि मग ती मला मेसेज करायची: ‘खरं निघालं.’ त्या दोन शब्दांनी माझा दिवस चांगला जायचा. एवढी वर्षं मी शहराकडे बघायला शिकवते आहे, पण त्या पावसाळ्याच्या तोंडावर जितकं वर पाहिलं तितकं कधीच नाही.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. पुण्याची जागा केव्हाच भरली होती. ती आता इथेच फुटपाथ आखणाऱ्या एका छोट्या कार्यालयात काम करते. पुण्याचं नाव काढत नाही. मीही काढत नाही. नवा नकाशा महापालिकेने नेला आणि पावसाळ्यात त्यातल्या काही चौकांत खड्डे खणलेले मला दिसले. रोपं जगली की नाही ते उन्हाळा गेल्यावरच कळेल.

सदरच्या पुढच्या एका चौकाची खूण मात्र अजून झालेली नाही. तिथे खरंच एक कडुनिंब आहे. दरवर्षी नेट ताणायला त्याच्या रस्त्याकडच्या फांद्या छाटतात आणि दोर त्याच्याच बुंध्याला बांधतात. नेट उतरल्यावर उरतं ते एका बाजूने बोडकं झाड, सावली पलीकडच्या भिंतीवर टाकणारं. आहे म्हणावं की नाही, यावर आम्ही दोघी स्कूटरवर बसून बराच वेळ बोललो. शेवटी ती म्हणाली, “मॅडम, याले तोडू नका, दोर खांबाले बांधा, असं एक पत्र देऊन द्या नं तुम्ही. तुमचं ऐकतात ते.”

पत्राचा विषय लिहून झाला आहे. पण नवा खांब नेमका कुठे हवा ते सांगितल्याशिवाय पत्र पुढे सरकणार नाही, आणि ते ठरवायचं तर भर दुपारी त्या कडुनिंबाखाली उभं राहून दोर कुठून कुठे जातील ते बघावं लागेल. फेब्रुवारी संपत आला. नेटा बांधायची माणसं एप्रिलमध्ये येतील. तिथे जाणं अजून राहिलं आहे.